कॅमेऱ्याचा हप्ता चातुर्मास पाळत नाही

व्हिडिओत हा विषय पाच मिनिटांत उरकावा लागला, म्हणून इथे नीट लिहितो.

"सोलापुरात क्रिएटिव्ह कामावर घर चालत नाही, पुण्यालाच गेलं पाहिजे," असं प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच. मला हे पटत नाही. लग्नाचे फोटो, गड्ड्याच्या यात्रेतले फ्लेक्स, दुकानांच्या रील्स, युनिफॉर्मवाल्यांचे कॅटलॉग... काम आहे की! अडतं ते काम कोणत्या महिन्यात येतं आणि पैसे कधी येतात, इथे.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचंच बघा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळपास चार महिने आपल्याकडे मुहूर्त नसतात. तेलुगू पंचांगात श्रावणात मुहूर्त असतात, तेवढाच काय तो आधार. आता समजा सीझनमध्ये महिन्याला 60 हजार येतात. आठ महिन्यांचे झाले 4 लाख 80 हजार. त्याला बाराने भागा. तुमची खरी कमाई महिन्याला 40 हजार, आणि त्यातून एडिटिंगवाला, मदतनीस, पेट्रोल, कॅमेऱ्याचा हप्ता जायचाय. 60 हजारांच्या हिशोबाने नवीन लेन्स घेणारा भाद्रपदात हातउसने मागत फिरतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन गिऱ्हाइकं अशी हवीत, जी दर महिन्याला ठरलेली रक्कम देतात. चादरीचं दुकान, हॉटेल, दवाखाना, कोणीही. महिन्याला आठ पोस्ट, दोन रील्स, एवढंच. "हे काय क्रिएटिव्ह आहे का सर?" असं पोरं विचारतात. अहो, आपल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत होते. तुम्हाला मेनूकार्ड करायला कमीपणा वाटतो?

आता उधारी. दुकानदार म्हणून सांगतो, "देतो की, कुठं पळून चाललोय" हे सोलापुरातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. निम्मे पैसे आधी, फायनल फाइल बाकी मिळाल्यावर. आणि उद्यम नोंदणी करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे काम स्वीकारल्यापासून लेखी ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी मात्र काम घ्यायच्या आधी करा, बिल अडकल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

ओळखीच्या माणसाविरुद्ध कोणी तक्रार करणार नाही, हे मलाही कळतं. अर्धं गाव कुणाचं ना कुणाचं पाव्हणं. पण बिलावर उद्यम नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली असली की समोरचा तुम्हाला "फोटो काढणारं पोरगं" समजत नाही, व्यापारी समजतो.

"असं मागितलं तर गिऱ्हाईक तुटेल ना?" तुटेल. एक-दोन तुटतीलच. कोण तुटलं ते वहीत लिहा आणि त्यांच्याकडे मागची बाकी किती होती, तेही समोर लिहा. अ‍ॅडव्हान्स मागायचा मेसेज कसा लिहायचा, त्याचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो.