आधी पातळी जुळवा, मग आवाज जोखा

या अंकापासून ऐकण्याच्या अहवालांना आम्ही एक नियम लावतो आहोत. दोन ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर किंवा एकाच सर्किटमधले दोन बदल यांची तुलना करून कोणी लिहून पाठवले, तर त्यात दोन नोंदी असायलाच हव्यात. दोन्हींची पातळी कशी जुळवली, ही पहिली. ऐकताना काय वाजते आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते की नव्हते, ही दुसरी. या नोंदी नसतील तर सर्किट, पीसीबी, डब्याची मापे हे सारे आम्ही आनंदाने छापू. आवाजाबद्दलचे परिच्छेद मात्र गाळू.

नियम कडक आहे. पण त्याची गरज विकत घेणाऱ्यापेक्षा स्वतः बांधणाऱ्याला जास्त आहे. घेणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याचे पैसे जातात. बांधणारा मात्र त्या चुकलेल्या अंदाजावर पुढचा बोर्ड उभा करतो, मित्रांना तोच सल्ला देतो, आणि आठ-दहा लोकांच्या घरी तेच सर्किट जाते.

नेहमीचे उदाहरण घेऊ. ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमध्ये २२ किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रेझिस्टर आहेत. गेन येतो २३. जुना १ किलोओहमचा कार्बन रेझिस्टर काढून कोणी मेटल फिल्म लावायचे ठरवतो. हाताशी ९१० ओहमचा असतो, तो बसवतो. गेन २५ च्या थोडा वर जातो, म्हणजे आवाज सुमारे ०.८ डेसिबलने वाढतो. एवढ्या वाढीला कान 'आवाज मोठा झाला' असे म्हणत नाही. कान म्हणतो: मोकळा झाला, गायक पुढे आला, बेस भरला. सगळे श्रेय जाते मेटल फिल्मला. खालच्या आणि अगदी वरच्या सुरांना आपला कान कमी पातळीवर मंद असतो आणि पातळी वाढली की तो तिथे उघडतो, हे बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. तेव्हा बेस भरल्यासारखा वाटला, हे ऐकणाऱ्याचे म्हणणे खरेच असते. चुकते ते त्याचे कारण.

ॲम्प्लिफायरची पातळी जुळवायला महागडे काही लागत नाही. स्पीकर जोडलेला ठेवा, ४०० हर्ट्झचा साइन सूर द्या आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट. दुसरा ॲम्प्लिफायरही तिथेच आणा, फरक ०.१ डेसिबलच्या आत ठेवा. २.८३ व्होल्टवर हे अंतर जेमतेम ३३ मिलिव्होल्टचे आहे, म्हणून 'कानाने जुळवले' हे आम्ही मान्य करणार नाही. स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या मेन्ससाठी बनवलेला असतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी दाखवतो, अशी शंका काही जण घेतात. शंका बरोबर आहे, पण मीटर तोच आणि सूर तोच असेल तर त्याची चूक दोन्हीकडे सारखीच पडते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला अडचण निराळी आहे. त्याचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळे एका सुरावर जुळलेली पातळी दुसऱ्या सुरावर स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे हलते. तिथे तीन-चार फ्रिक्वेन्सींवरचे आकडे कळवा.

स्पीकरचे काम अवघड आहे. ८६ आणि ८९ डेसिबल संवेदनशीलतेच्या दोन जोड्यांना सारखे व्होल्टेज दिले तर दुसरी ३ डेसिबलने जास्त वाजणारच. म्हणून इथे पिंक नॉइज लावून बसण्याच्या जागी साउंड लेव्हल मीटरने पातळी बघावी. आणि दोन्ही जोड्या आलटून पालटून त्याच जागी ठेवाव्यात, कारण भिंतीपासूनचे अंतर बदलले की बेसही बदलतो. आपल्याकडच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत, पक्क्या भिंती आणि टाइल्सच्या जमिनीवर, खोलीची स्वतःची घुमण सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झला येते. तबल्याचा ठेका लावला की डाव्याचा एखादाच घुमारा फुगतो आणि आपण डबा कापायला घेतो. करवत उचलण्याआधी स्पीकर फूट-दीड फूट पुढे ओढून बघा.

आता दुसरी नोंद. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकरची मोजमापे आणि लोकांची पसंती यांचा मेळ घालण्याचे काम केले. पुढे हारमनमध्ये असताना त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. लहान, स्वस्त संच पडद्याआड चांगले गुण मिळवत होता. दिसू लागताच तो खाली घसरला. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात खरोखर पडणारा फरक लोकांना पडद्याआड नीट कळत होता, डोळ्यांसमोर तो फारसा कळेनासा झाला. डोळा नसलेला फरक ऐकवतो, एवढे बहुतेकांना पटते. तो असलेला फरकही झाकतो, हे आपल्या ध्यानात राहत नाही. यांतले बरेच श्रोते ऑडिओच्याच धंद्यातले होते, तेव्हा 'माझे कान तयार आहेत' हे उत्तर इथे चालत नाही.

घरी पडदा करायला विरळ विणीची जुनी सुती साडी पुरते. तोंडासमोर धरून फुंकर मारली आणि पलीकडच्या हाताला ती नीट लागली, तर साडी चालेल. कोणते उपकरण लागणार ते नाणे उडवून ठरवा. बदल करणाऱ्याने पडद्यामागेच राहावे आणि बोलू नये, कारण त्याच्या चेहऱ्यावरून आणि हुंकारावरूनही उत्तर फुटते. मोजणीत घाई करू नका. १० पैकी ७ वेळा बरोबर ओळखले की लोक खूश होतात, पण नुसत्या अंदाजानेही ७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०० त १७ आहे. १६ पैकी १२ आले तर ती ४ च्याही खाली जाते.

पडद्याआडच्या परीक्षेत मनावर ताण येतो, बारीक फरक कळायला आठवडे लागतात, असा आक्षेप काही जुन्याजाणत्यांनी घेतला आहे. त्यांच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे. मग आठवडे घ्या. दोन्ही बोर्ड एकसारख्या बंद डब्यांत घालून महिनाभर घरी ऐका, फक्त कोणत्या डब्यात काय आहे ते दुसऱ्याला ठाऊक असू द्या. न बघता ऐकायचे म्हणजे घाईने ऐकायचे, असे कुठेही लिहिलेले नाही.

काय लावून ऐकावे, यावर आम्हाला जरा आग्रहाने बोलायचे आहे. आलेल्या बहुतेक अहवालांत परदेशी डेमो सीडींची तीच तीच नावे असतात. आपल्या हाताशी तानपुरा आहे. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या माथ्यावर तार घासत कंपते, तिच्याखाली दोरा सरकवून जवारी लावलेली असते, आणि त्यामुळे एका छेडीतून वरच्या स्वरांशांचा दाट पुंजका उठून हळूहळू खाली उतरत जातो. जिथे तार छेडली तिथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू पडतो तो स्वरांश उमटू नये, असे नियम सांगतो. तानपुऱ्यात तो उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवले. स्पीकर बांधणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. वूफर आणि ट्वीटर यांचा क्रॉसओव्हर बहुधा अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे खड्डा असेल तर उतरत येणारा पुंजका मध्येच पातळ होतो आणि पुन्हा भरतो. ट्वीटर उलटा जोडला गेला असेल तर हे एका मिनिटात कानावर येते. मिरजेत जवारी लावणारे कारागीर कानानेच काम करतात, पण ते एकच तार पुन्हा पुन्हा, त्याच जोराने छेडून दोऱ्याची जागा ठरवतात. आपल्यालाही तीच शिस्त हवी.

दुसरी कसोटी माणसाच्या बोलण्याची. बीबीसीच्या संशोधन विभागातले अभियंते मॉनिटर स्पीकर घडवताना प्रत्यक्ष बोलणारा माणूस आणि त्याचाच स्पीकरमधला आवाज ताडून बघत. घरच्याच कोणाला गच्चीवर उभे करून वर्तमानपत्र वाचायला लावा, चांगल्या माइकने रेकॉर्ड करा. रोजच्या ओळखीच्या आवाजाला नाकातला सूर आला किंवा छातीत पोकळी आली, तर ते शिकवावे लागत नाही.

वॅटच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. १२-०-१२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट-अँपिअरचा असतो. त्यावर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीवर 'पीएमपीओ १००० वॅट' लिहिणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, बाजारात सगळेच लिहितात म्हणून ती कमी होत नाही. किती ओहमला, किती डिस्टॉर्शनला, दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना किती वॅट, हे नसलेल्या आकड्याला शेंडा ना बुडखा. तो आम्ही जाहिरातीतही घेणार नाही.

'फरक ऐकू आला नाही' असे सांगणारे अहवालही पाठवा, त्यांना पहिली जागा देऊ. अशा नकारासाठी किती खटपट करावी लागते ते आम्ही जाणतो, आणि पुढच्या माणसाचा खर्च त्याने वाचतो. तुलनेसाठी लागणाऱ्या स्विचबॉक्सचे सर्किट पुढच्या अंकात देत आहोत. तोवर कोणी स्वतःच जोडायला घेतलाच, तर दोन ॲम्प्लिफायरचे आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडता कामा नयेत. रिले असा घ्या की आधीचा संपर्क सुटल्यावरच पुढचा लागेल. आणि स्पीकरच्या दोन्ही तारा बदला, नुसती लाल नको. ब्रिज केलेल्या आणि बऱ्याच क्लास डी बोर्डांत काळ्या टर्मिनललाही व्होल्टेज असते, तो दुसऱ्या ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला लागला की आउटपुट आयसी जळतो.