परितेवाडीच्या शाळेने काय केले?

सीमाप्रश्न म्हटला की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे नकाशा, आयोग आणि न्यायालय उभे राहते. १९६६ च्या ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो दावा अद्याप तेथेच आहे. गोव्याचा प्रश्न १६ जानेवारी १९६७ च्या कौलाने सुटला, ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, त्याबद्दल आता वाद उरलेला नाही. उरला आहे तो काळी नदीच्या काठचा मुलूख: कारवार, सुपे, हल्याळ. आमचा त्या मागणीवरचा विश्वास ढळलेला नाही. पण एक हिशेब सांगतो. दावा दाखल झाला त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज स्वतःच्या पोराला पहिलीत घालण्याच्या वयाचे झाले आहे. न्यायालय थांबू शकते. सहा वर्षांचे पोर थांबू शकत नाही.

म्हणून आज नकाशा बाजूला ठेवून एका शाळेबद्दल लिहीत आहोत. सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात परितेवाडी नावाचे खेडे आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. शाळेची इमारत म्हणजे एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली. मुलींची हजेरी नावापुरती, लग्ने लवकर. या शिक्षकांच्या ध्यानात आले की पुस्तक मराठीत आहे आणि मुलींच्या घरची बोली कन्नड आहे. मराठी मुलखाच्या ऐन पोटात, महाराष्ट्र सरकारच्या शाळेत, कन्नड बोलणारी मुले मराठी पुस्तकापुढे मुकी बसली होती!

मग डिसले गुरुजींनी काय केले? ते गावात राहायला गेले, मुलांची भाषा शिकले, आणि पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी त्या भाषेत नव्याने मांडली. कविता, गोष्टी, धडे, स्वाध्याय यांचे ध्वनिमुद्रण व चित्रफिती तयार करून पुस्तकाच्या पानावर क्यू.आर. कोड चिकटवले, मोबाइल त्यावर धरला की धडा बोलू लागे. पुढे २०१७ साली महाराष्ट्र सरकारने राज्यभरच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मुलींची हजेरी शंभर टक्क्यांवर गेली आणि गावातले अल्पवयीन विवाह थांबले, असे पारितोषिक देणाऱ्या संस्थेने नमूद केले आहे. सरहद्दीवरून भांडणाऱ्या देशांतली मुले एकमेकांशी बोलावीत म्हणून त्यांनी एक उपक्रमही चालवला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा जोड्या त्यात होत्या. सीमावासीयांनी हे वाचून थोडे थांबावे.

कोडचे कौतुक फार झाले. आमच्या मते मर्म त्यात नव्हते. सुप्याच्या जंगलात मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते. तेथे कोड काय बोलणार? मर्म आधीच्या पायरीत होते. गुरुजी मुलाच्या भाषेपर्यंत चालत गेले. अध्यापन विद्यालयात पाठटाचण लिहिताना प्रत्येक शिक्षकाकडून घोटून घेतलेले सूत्र आहे, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. मुलाला अक्षर अज्ञात असते, शब्द ज्ञात असतो. ज्ञात शब्दाच्या आधाराने अज्ञात अक्षर त्याच्या हाती लागते. शब्दही अज्ञात आणि अक्षरही अज्ञात, अशा दोन भिंती एकदम उभ्या केल्या तर पोर घोकते, वाचत नाही. फळ्यावरचे उतरवून घेते आणि आपण म्हणतो, अक्षर छान आहे हो!

आता उळवीकडे या. चन्नबसवण्णांची समाधी येथे आहे. माघातल्या जत्रेला धारवाड-बेळगावकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून घाट चढून येतात, तेव्हा साऱ्या रानात कन्नड घुमते. त्या भाषेशी येथल्या कोणाचे वैर नाही. वचनांची भाषा आहे ती. पण जत्रा उलगडली, गाड्या गेल्या, की घराघरांतून ऐकू येते ती कोकणी आणि मराठी. डोंगरातला कुणबी कणगी, करांदे, सुरण खणताना ज्या बोलीत बोलतो ती कन्नड नव्हे. त्याचे पोर कन्नड शाळेत जाते. गुरुजी म्हणतात ‘मळे’, म्हणजे पाऊस. पोराच्या डोळ्यांपुढे येतात ते शेताचे मळे. गुरुजी म्हणतात ‘मने’, म्हणजे घर. मराठी कानाला ते मनाचे अनेकवचन वाटते. पोर मठ्ठ नसते. त्याने शब्द ऐकला, अर्थही लावला, फक्त तो दुसऱ्या भाषेतला लावला.

येथवर आमच्या वाचकांच्या माना डोलत असतील. पण पुढचे वाक्य काहींना रुचणार नाही, तरी लिहिणे भाग आहे. त्याच पोराच्या हाती मराठी पुस्तक दिले म्हणजे काम झाले असे नाही. कारवारच्या खारव्याचे किंवा गाबिताचे पोर घरी ‘नुस्तें’ म्हणते. कन्नड पुस्तक त्याला ‘मीनु’ शिकवते, मराठी पुस्तक ‘मासा’ शिकवते. ते ‘उदक’ म्हणते. एक पुस्तक ‘नीरु’ म्हणते, दुसरे ‘पाणी’. मराठी त्याला जवळची आहे, लिपी एक, कीर्तन-भजन एक, शब्दांची सोयरीक जुनी. ‘मासा’ त्याला दोन दिवसांत कळेल, ‘मीनु’ला अधिक दिवस लागतील, एवढा फरक नक्की आहे. तरीही ‘नुस्तें हा अशुद्ध शब्द आहे’ असे म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवणारा मराठी शिक्षक डिसले गुरुजींच्या पंगतीला बसू शकत नाही. कोकणी भाषा की बोली, हा वाद विद्वानांनी घालावा. पहिलीच्या वर्गात तो वाद नको. ‘नुस्तें’ फळ्यावर लिहावे, त्याखाली ‘मासा’ लिहावे, दोन्ही वाचून घ्यावे. एक तास पुरतो.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात अक्कलकोट, जत भागात कन्नड शाळा आहेत. बालभारती कन्नड पुस्तके छापते. कर्नाटकही मराठी माध्यमाची पुस्तके छापते. कागदावर दोन्ही राज्ये शहाणी आहेत. कागद आणि वर्ग यांच्यामध्ये शिक्षक उभा असतो, आणि तो मुलाची भाषा जाणणारा आहे की नाही हे बदलीच्या यादीत कोणी पाहत नाही. महाराष्ट्र जेव्हा उद्या सुपे-कारवार मागतो, तेव्हा त्याने परितेवाडी दाखवावी: पाहा, आमच्या हद्दीतल्या कन्नड मुलांसाठी आमचा शिक्षक कन्नड शिकला. यापेक्षा बळकट पुरावा कोणत्या वकिलाच्या फायलीत असेल? मात्र परितेवाडी ही एका माणसाची हौस राहिली, सरकारची रीत झाली नाही, तर तो पुरावा लंगडा पडेल. पहिलीपासून हिंदी आणण्याचा आदेश महाराष्ट्राला २९ जून २०२५ रोजी मागे घ्यावा लागला. लोकांनी तो घ्यायला लावला. लहान मुलावर भाषा लादू नये हे महाराष्ट्राला स्वतःच्या बाबतीत चटकन कळले. ते अक्कलकोटच्या मुलाच्या बाबतीतही तितक्याच चटकन कळले पाहिजे.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली लोकमताच्या जोरावर जागतिक शाळा पारितोषिक मिळाले, तेही नोंदवून ठेवतो. तेथे मोठी-लहान मुले विषयमित्र म्हणून एकमेकांना शिकवतात. सुप्याच्या वाड्यांवर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात, ती अडचण म्हणून सांगितली जाते. चौथीतले कुणब्याचे पोर, ज्याला आता कन्नड येते, ते पहिलीतल्याला घरच्या बोलीत समजावून देईल. गुरुजींनी फक्त बोलू दिले पाहिजे. याला अनुदान लागत नाही.

शेतकरी आणि मच्छीमार बंधूंनो, यात तुमच्या हाती काय आहे ते सांगतो. घटनेचे कलम ३५०-अ हे १९५६ साली घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते म्हणते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ सांगते की, शक्य असेल तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे. शाळेच्या समितीवर पालक असतात. सभेला जाणे तुम्ही टाळता, कारण त्या दिवशी लावणी असते किंवा होडी बाहेर गेलेली असते, हे आम्ही जाणतो. एका दिवसाची मजुरी बुडेल. तरी जा. नेमणूक करताना गावची बोली जाणणारा शिक्षक द्या, एवढे एकच लेखी मागा. त्यात दोन्ही कलमांचे आकडे घाला, समितीच्या वहीत नोंद करून घ्या आणि नकलेवर पोच घ्या. सुपे धरणाने घरे बुडाली तेव्हा ज्यांच्याकडे कागद होता त्यांचे म्हणणे निदान ऐकले गेले, हे रामनगरला जाऊन वसलेल्यांना विचारा.

अर्ज कन्नडमध्ये लिहिला तर लवकर वाचला जाईल. तो लिहून देणारे उळवीत पुष्कळ आहेत.