मानाची खुर्ची आणि मागचा तंबोरा

गेल्या वर्षी गाण्याच्या निमित्ताने दुबईस जाणे झाले. इंदूरहून परदेशी थेट जाणारे पहिले विमान २०१९च्या जुलैत दुबईलाच सुटले होते, तेव्हापासून आमच्या रामबागेतल्या मंडळींना दुबई म्हणजे उज्जैनच्या पलीकडचे गाव वाटू लागले आहे. जेमतेम तीन-साडेतीन तासांचा प्रवास. आमंत्रण तिकडच्या मराठी बांधवांचे होते. जाहिरातीत माझ्या नावाखाली ‘होळकर दरबाराची परंपरा’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, आणि त्या परंपरेस शोभावे म्हणून माझे तिकीट बिझनेस क्लासचे काढले होते. तबलजी आणि पेटीवाले मागच्या वर्गात. तंबोऱ्यावर बसणारी माझी शिष्या मात्र घरी.

तिचे पारपत्र तयार होते. दोन महिने ती मागे बसून रियाझ करीत होती. आयोजकांनी फोनवर नम्रपणे सांगितले, ‘‘गुरुजी, चौथे तिकीट बसत नाही हो. आणि तंबोरा काय, हल्ली मोबाईलमध्येसुद्धा असतो!’’ मी ‘बरे’ म्हणालो. हा लेख त्या ‘बरे’बद्दल आहे.

खोटे कशाला बोला, पुढची खुर्ची सुखाची होती. बसतो न बसतो तोच सरबत आले, गरम रुमाल आला, पाय हवे तसे लांब करता आले. चिनी मातीच्या बशीत न्याहारी आली. मध्ये पडदा होता. पडद्यामागे माझे तबलजी, वय वर्षे चौसष्ट, दुखरे गुडघे पुढच्या खुर्चीस टेकवून बसले होते. मी त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. मध्येच उठून मागे गेलो आणि म्हटले, ‘‘तुम्ही पुढे बसा, मी इथे बसतो.’’ ते हसून म्हणाले, ‘‘राहू द्या मास्तर. पुढे तुमच्याशी बोलायला कोणी नाही, इथे आम्ही दोघे तरी आहोत.’’ मी परत येऊन बसलो. न्याहारीची थाळी उचलेपर्यंत खालचा समुद्र संपत आला होता. विमानाचे पुढचे टोक आणि मागचे टोक अर्थातच एकाच वेळी दुबईस पोहोचले, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी आम्ही तिघे शेजारीशेजारी उभे राहिलो.

या वर्गाची जन्मकथा मोठी मौजेची आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस विमान कंपन्यांनी सवलतीची तिकिटे भराभर विकली. तेव्हा कामधंद्यासाठी पूर्ण भाडे भरून जाणारा गृहस्थ कुरकुर करू लागला, की माझ्या शेजारचा माझ्याहून कितीतरी कमी पैशात कसा? त्याच्या समाधानासाठी पहिला वर्ग आणि मागचा वर्ग यांच्यामध्ये निराळा भाग काढला, तो हा बिझनेस क्लास. म्हणजे मुळात ती व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली सोय आहे. तिला मानाची खुर्ची आपण केले. संस्थाने गेली, तरी कोणाला कुठे बसवावे याची आपली हौस गेली नाही. एअर इंडियाचा तो मिशाळ, लवून नमस्कार करणारा महाराजा १९४६ साली जन्मास आला, आणि दोनच वर्षांनी, १९४८ साली, आमचे होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. खरे महाराज गेले, चित्रातले राहिले!

माझे वडील दरबारचे वादक. पंधराव्या वर्षी, म्हणजे दरबार मावळायच्या अगदी उंबरठ्यावर, ते चाकरीत लागले. काम एकच: गवयामागे तंबोरा धरून बसणे. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे या गोष्टी मला त्यांच्या म्हातारपणी, सावकाश आणि पुन्हापुन्हा ऐकायला मिळाल्या. त्यांत एक मुंबईच्या प्रवासाची होती. ज्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्याच इंदूर-खंडवा छोट्या मार्गाने जायचे आणि खंडव्यास मोठ्या गाडीत बसायचे. गवई दुसऱ्या वर्गात. सारंगिये, पखवाजी आणि तंबोऱ्याचा पोरगा तिसऱ्या वर्गात. वडिलांना याचे वैषम्य वाटत नसे. ते म्हणत, तिसऱ्या वर्गाच्या बाकावर मला पखवाजियाने चौताल हातावर मोजायला शिकवला.

दरबाराचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. तिथे उतरंड होती आणि ती दुखावणारी होती. सारंगियाकडे पाहण्याची दृष्टी तर सर्वश्रुत आहे. पण ज्यांनी इंदूरचे नाव गाण्याच्या नकाशावर कोरले ते उस्ताद अमीर खाँ सारंगियाचेच पुत्र. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात होते आणि मुलाच्या हाती त्यांनी आधी सारंगीच दिली. मागे बसणाऱ्यांतूनच पुढे बसणारे निघतात. दरबार वर्ग मानीत होता. परंतु तंबोऱ्याच्या पोराला घरी ठेवून त्या पैशात गवयाला वरच्या वर्गात बसवीत नव्हता. हा हिशेब आपण, म्हणजे लोकशाहीतल्या रसिकांनी, नव्याने शोधून काढला आहे.

दुबईच्या मैफलीत विजेच्या पेटीचा तंबोरा होता. त्याने काही दगा दिला नाही. सूर नेमका, अखंड, निर्जीव. विलंबित ख्यालात एका जागी मी श्वासासाठी थांबलो. तिथे मागून शिष्येचा षड्ज येतो, आणि त्याच्यावर टेकून मी पुढे जातो. सवयीने थांबलो, आणि मागे कोणीच नव्हते. श्रोत्यांच्या ते ध्यानी आले नसेल, तबलजींच्या आले. त्यांनी दोन मात्रा अंमळ भरून घेतल्या.

परत आल्यावर तिकिटांचे भाडे पाहिले. माझ्या पुढच्या आणि त्यांच्या मागच्या खुर्चीच्या भाड्यात जो फरक होता, त्यात शिष्येचे जाण्यायेण्याचे तिकीट निघून वर थोडे उरले असते. ती मागे बसून जे ऐकते ते शिकवणीच्या तासात मला देता येत नाही. माझ्या वडिलांना पंधराव्या वर्षी कोणी ‘तंबोरा पेटीत असतो’ म्हणून घरी बसवले असते, तर ज्या परंपरेच्या नावाने मला पुढे बसवले, ती आमच्या घरात आलीच नसती.

कोणी म्हणेल, कलावंताला आराम नको का? अवश्य हवा. सत्तरीच्या गायिकेला, गुडघे दुखणाऱ्या तबलजीला, बारा-चौदा तासांच्या प्रवासाला तो द्यावाच. वय पाहून द्या, प्रकृती पाहून द्या, अंतर पाहून द्या. पण तीन तासांसाठी शेहेचाळीस वर्षांच्या धडधाकट मास्तराला द्यायचा, तर आधी सगळे बिऱ्हाड विमानात चढले की नाही ते मोजा. दोष आयोजकांचा अर्धा. उरलेला अर्धा ‘बरे’ म्हणणाऱ्याचा.

नुकतेच दुसरे एक आमंत्रण आले आहे. मी उत्तर धाडले: चार तिकिटे, चारही मागची, एखादे पुढचे काढणे परवडलेच, तर ते तबलजींना. पंधरा दिवस झाले, त्यांचे काही उत्तर नाही. शिष्या मात्र रोज संध्याकाळी येते, तंबोरा जुळवते आणि मागे बसते.