मामांची वही आणि लॅबची डी ड्राइव्ह

ही गोष्ट सांगताना मला थोडी लाजच वाटते, कारण चूक माझी आहे. पण आपल्या होस्टेलवर व्हर्च्युअल मशीनच्या फायली रोज या खोलीतून त्या खोलीत फिरत असतात, म्हणून सांगतो.

मी धर्माबादचा. माझे मामा तिथल्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहेत. आडतीचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी दुरुस्तीवाल्याने त्याची अख्खी डिस्क एका व्हीएमडीके फाईलमध्ये उतरवून दिली होती. म्हणजे लोखंडी डबा गेला, पण आतला कॉम्प्युटर जसाच्या तसा फाईल होऊन बसला. दिवाळीच्या सुट्टीत मामा म्हणाले, "जुन्या पट्ट्यांचा हिशोब त्याच्यातच अडकलाय बाबा. दोन शेतकरी रोज चकरा मारायलेत. तुला येतंय ना ह्यातलं? बघ की जरा." मी ऐटीत पोर्टेबल डिस्क घेऊन होस्टेलवर आलो.

फाईल ४० जीबीची. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथल्या केव्हीएमसाठी तिचे क्यूकाऊ-टू प्रकारात रूपांतर करायचे होते. लॅपटॉपवर जागा मात्र नव्हती. रूममेट म्हणाला, "कशाला डोकं लावायलास? फुकटच्या साईट आहेत. अपलोड कर, झालं की डाउनलोड कर." खरे सांगतो, तेव्हा मला प्रायव्हसी वगैरे काही आठवले नाही. मी फक्त वेळेचा हिशोब केला. १० एमबीपीएसने ४० जीबी चढवायला जवळजवळ नऊ तास. आळसाने मला वाचवले.

मग मी लॅबमध्ये गेलो. क्यूईएमयू या प्रकल्पात 'क्यूईएमयू-आयएमजी' नावाचे छोटेसे साधन मिळते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुक्त आणि फुकट आहे. एक ओळीची कमांड दिली आणि चहा पिऊन येईपर्यंत काम झाले. इंटरनेटचा संबंधच नाही. रूपांतर म्हणजे तरी काय? तोच मजकूर वेगळ्या मांडणीने पुन्हा लिहायचा, एवढेच. त्यासाठी फाईल कुणाच्या दारात नेऊन ठेवायची गरजच नसते. नवी फाईल पोर्टेबल डिस्कवर घेतली, "आपण लोकल केलं, सेफ केलं" असे म्हणत मेसला गेलो.

पाचव्या दिवशी एक ज्युनिअर खोलीवर आला. "दादा, लॅबमध्ये डी ड्राइव्हवर 'आडत' नावाची फाईल तुमचीच का? ड्राइव्ह फुल झाली म्हणून डिलीट करायलो होतो. आधी उघडून बघितली तर त्याच्यात लोकांचे आधार कार्ड निघालेत की."

माझ्या पोटात गोळा आला. लॅबच्या डी ड्राइव्हवर मूळ फाईल आणि रूपांतर, दोन्ही तशीच राहिली होती. ते मशीन सगळ्यांचे, लॉगिनही एकच. विंडोजचा पासवर्ड होता ना, असे कुणी म्हणेल. पण तो पासवर्ड विंडोज सुरू होताना विचारला जातो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर आतल्या फायलींना त्याने कुलूप लागत नाही. सेव्हन-झिपसारख्या साध्या प्रोग्रामनेही अशी इमेज झिप फाईलसारखी उघडते. त्या पोराने काही हॅकिंग केले नव्हते, डबल क्लिक केले होते.

त्या रात्री मी पहिल्यांदा ती इमेज नीट पाहिली. शेतकऱ्यांची नावे, गाव, मोबाईल नंबर, बँक खाते, आधारचे स्कॅन. कुणी किती माल आणला, कुणाच्या डोक्यावर किती उचल आहे, कुणी लेकीच्या लग्नासाठी आगाऊ पैसे नेले. रिसायकल बिन रिकामा होता, पण म्हणून पुसलेले गेले असे नाही. फाईल डिलीट केली की बहुतेक वेळा फक्त तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर रूपांतरात तोही नव्या फाईलमध्ये येतो. आपण जे दिसते तेवढेच देतो आहोत असे वाटते, प्रत्यक्षात जे पुसले तेही देत असतो.

हे मी भीती घालायला सांगत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतील गारफिंकेल आणि शेलॅट या दोघा संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी युरोपातील संशोधकांनी अॅमेझॉनच्या क्लाउडवर लोकांनी खुल्या ठेवलेल्या पाच हजारांहून अधिक मशीन इमेज तपासल्या, तेव्हा त्यांतही विसरून राहिलेल्या किल्ल्या आणि परत मिळवता येणाऱ्या डिलीट केलेल्या फायली सापडल्या. या इमेज लोकांनी स्वतःच, चांगल्या मनाने, इतरांच्या उपयोगासाठी ठेवल्या होत्या.

आणि फुकटच्या साईट? मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला की काही फुकट कन्व्हर्टर आपल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घुसवतात आणि चढवलेल्या फायलींतली ओळखपत्रांची व बँकेची माहिती उचलतात. सगळ्याच साईट तशा नसतील. पण "आम्ही काही तासांत फाईल पुसतो" हे खरे की खोटे, ते तपासायला आपण त्यांच्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकत नाही. आमच्या तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. त्या दिवसांत खाली श्रीरामसागराकडे गेलेले पाणी परत मागता येत नाही. डेटाचेही तसेच आहे, फरक इतकाच की हा दरवाजा आपल्या हातात आहे.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या हिशोबात लपवण्यासारखे काय आहे? लपवण्याचा प्रश्नच नाही. उद्या एखाद्याला फोन आला, "काका, तुमची अमुक तारखेची पट्टी इतक्या रुपयांची, ती खात्यात जमा करायचीय, ओटीपी सांगा," तर तो काका का विश्वास ठेवणार नाही? नाव बरोबर, रक्कम बरोबर. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायदा नंतर येतो. खाते रिकामे होते ते आधी.

म्हणून माझे मत असे की, रूपांतर लोकलच करावे, पण 'लोकल' म्हणजे ज्या मशीनवर आपल्याशिवाय कुणी बसत नाही ते. लॅबचे मशीन चार भिंतींच्या आत असले तरी ते चव्हाट्यावरच असते. इमेज दुसऱ्याला द्यायची असेल तर आधी मशीनच्या आत जाऊन नको त्या फायली काढा, मोकळी जागा शून्यांनी भरा (विंडोजवर 'एसडिलीट' हे करते) आणि मगच रूपांतर करा. त्याने फाईलही लहान होते. सस्पेंड केलेल्या मशीनच्या फोल्डरमधली व्हीमेम फाईल कधीच देऊ नका, त्यात मेमरी असते आणि मेमरीत पासवर्ड. काम झाले की किती प्रती झाल्या ते मोजा. माझ्या चार होत्या, मला दोनच आठवत होत्या. पोर्टेबल डिस्क पहिल्यापासूनच एन्क्रिप्ट करून ठेवा.

लॅबच्या सरांना आणि असिस्टंट काकांना एक विनंती. प्रत्येकाला वेगळे लॉगिन मिळावे आणि दर शनिवारी डी ड्राइव्ह साफ व्हावी. खर्च काही नाही.

मामांना मी फोन करून सगळे सांगितले. रागावतील असे वाटले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही वही उघडली की बाजूच्या पानावर हात ठेवतो. समोरच्याला त्याचंच नाव दिसावं, दुसऱ्याचं नाही. तुम्हाला कालिजात हे शिकवत नाहीत का?"

मी काही बोललो नाही. त्या दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या शोधून मामांना फोनवर वाचून दाखवल्या. बाकीच्या प्रती त्याच रात्री पुसल्या.