प्रयोग आमच्या मातीत, उपाय कोणाच्या दारात?

कर्करोगाचे संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील प्रयोगशाळा येते, फार तर परळचे टाटा रुग्णालय. जांब समर्थसारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. परंतु या रोगाविषयी साऱ्या जगाने दखल घेतलेला एक प्रयोग आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्याची सुरुवात बार्शीची. खेड्यात माणूस गेले तर कशाने गेले याचा दाखला सहसा नसतोच. अशा मुलखात 1987 साली डॉ. भगवान नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, नोंदी करीत. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग, म्हणजे आपल्याकडच्या बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात तो, सर्वांत जास्त आढळला. वास्तविक हा रोग सावकाश येतो. एका विषाणूचा संसर्ग टिकून राहिला तर कित्येक वर्षांनी त्यातून कर्करोग होतो. मधल्या काळात खराब भाग सापडला तर तो गोठवून नाहीसा करता येतो, पोट फाडावे लागत नाही.

प्रश्न एवढाच होता की, तो शोधायचा कसा? 1999 पासून बार्शीचे रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गावांचे चार गट पाडले. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला तपासणी नाही, तेव्हा जी सोय होती तेवढीच. 2009 साली निष्कर्ष छापून आले. आठ वर्षांत चौथ्या गटातील 64 स्त्रिया या रोगाने दगावल्या होत्या, विषाणू तपासलेल्या गटातील 34. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. उरलेल्या दोन पद्धतींना हे साधले नाही.

त्या चौथ्या गटाबद्दल पुढे परदेशात बरीच टीका झाली. अमेरिकेत असा गट कुणी ठेवू दिला असता का, हा प्रश्न झोंबणारा आहे, आणि तो झोंबलाच पाहिजे. उलट बाजूने असे सांगण्यात आले की, त्या गावांत एरवीही तपासणी नव्हतीच, आणि तुलनेवाचून पुरावा मिळत नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. सोय नव्हती हे गरिबीचे लक्षण झाले, त्याचे समर्थन कसे होईल? तरीही प्रयोग व्हायलाच नको होता, असे मी म्हणणार नाही. त्याने खरे ज्ञान दिले. मात्र ज्यांच्या जिवावर ते मिळाले, त्यांचे देणे फिटले असे मानायला मी तयार नाही.

कारण पुढे काय झाले ते पाहा. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूची तपासणी हीच पहिली पसंती ठरवली, आणि नमुना स्त्रीने स्वतः घेतला तरी चालेल असे सांगितले. आपल्याकडे 2016 च्या सरकारी आराखड्यात मात्र व्हिनेगरची पद्धत नेमली गेली. ती स्वस्त आहे, आणि मुंबईच्या वस्त्यांत ती पुनःपुन्हा केल्यावर तिचा गुणही आला, हे मान्य. पण तीसुद्धा किती जणींपर्यंत पोचली? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती.

तपासणी पोचली नाही, पण कॅन्सरची भीती बरोबर पोचली! आपल्या घनसावंगी तालुक्यातून गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 मध्ये शासनाच्या समितीने केली, तेव्हा पाहणीतील तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘कॅन्सर होईल’ असे सांगून घाबरवल्याचे कित्येकींनी सांगितले. तिशीतली बाई अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात जाते, उचल घेऊन पिशवी काढून येते, आणि पुन्हा कोयता हाती घेते. जिथे एका साध्या तपासणीने काम भागले असते, तिथे सबंध अवयव गेला. कोयत्यावर आपल्याकडचीही जोडपी जातात, हे सांगायला नको.

हे डॉक्टरांचे काम, कला शाखेच्या मुलामुलींनी यात काय करायचे, असे आमचे काही मित्र म्हणतील. संशोधनाचे संमतीपत्र ज्या मराठीत लिहिले जाते ते एकदा वाचून पाहावे. शपथेवर सांगते, आमच्या मावश्यांना ते कळणार नाही. ‘तुम्ही कोणत्या गटात याल ते चिठ्ठी टाकून ठरेल, आणि कदाचित तुमची तपासणी होणार नाही’ हे वाक्य सरळ बोलीत लिहायला वैद्यकाची पदवी लागत नाही. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे रस्ते झाडण्यापलीकडे फारशी जात नाहीत. पुढच्या शिबिरात मुलींनी घरोघर जाऊन एवढेच विचारावे: तिशीपुढच्या किती जणींची तपासणी झाली, आणि किती जणींची पिशवी काढली? त्या दोन आकड्यांचा कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, आणि विषाणूची तपासणी इथे केव्हा मिळणार, याचे लेखी उत्तर मागावे.