सौदा रुमालाखाली करा, पण हिशोब कागदावर ठेवा



मागच्या आठवड्यात इंदापूरकडच्या मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, खोंड बघायला चला. आदत हाय, पळतंय पण भारी." मालकानं सात लाख सांगितलेले आणि मेव्हण्याचं उसाचं बिल नुकतंच जमा झालेलं. म्हटलं चल.

खोंड खरंच देखणं होतं. काटक अंग, कातडी अंगाला चिकटलेली, चारी पाय सरळ. पण जबडा उघडला तर मधले दोन दात पडून पक्के वर आलेले. म्हणजे दुसा. आदत गटात पळणारं खोंड वेगळं आणि दुसा वेगळं, त्यात किमतीचा लाखांचा फरक पडतो. मालक हसून म्हणाला, "परवाच पडले बघा." ठीक आहे, दात काय सांगून पडत नाहीत.

खरी गोम पुढं होती. मालक म्हणाला, "एक लाख द्या, खोंड घेऊन जा. राहिलेले मैदान झाल्यावर बघू." मेव्हणा तर दावं सोडायलाच निघाला. मी म्हटलं, आधी कागद करू. मालकाचा चेहराच उतरला. "आमच्या शब्दाला किंमत नाय का पाव्हणं?"

किंमत आहे. पण शब्द आठवण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मैदान मारलं की विकणाऱ्याला वाटतं, स्वस्तात गेला. बैल मागं राहिला की घेणाऱ्याला वाटतं, फसवलं. उरलेले पैसे या दोघांच्या मधे अडकतात.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. जून 2024 मध्ये आपल्याच बारामती तालुक्यात शर्यतीच्या बैलाच्या राहिलेल्या पैशावरून वाद झाला, गोळी सुटली आणि एक बैलमालक जिवानिशी गेला. त्यानंतर आपण व्यवहाराची पद्धत बदलली का? माझ्या बघण्यात तरी नाही.

आपले आजे-पणजे रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे, ते खरं. पण तो बैल औताचा होता. आता 2014 ची बंदी उठून डिसेंबर 2021 ला शर्यती पुन्हा सुरू झाल्या, मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि खिलारचे भाव कुठल्या कुठं गेले. याचं मला वाईट वाटत नाही. संकरित गाईंच्या नादात गोठ्यातून गेलेला खिलार या भावामुळंच परत येतोय. पण गुंठाभर जमीन घेताना आपण चार कागद तपासतो आणि तेवढ्याच पैशाचा बैल नुसत्या शब्दावर आणतो, हे काय बरोबर नाही.

कायदाही समजून घ्या. 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार मालकी कधी बदलते हे दोघांनी काय ठरवलं त्यावर असतं. काहीच ठरवलं नसेल तर पैसे बाकी असले तरी बैल घेणाऱ्याचा होऊ शकतो. मग विकणाऱ्याला बैल मागता येत नाही, फक्त पैसे मागत फिरावं लागतं. म्हणून "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी विकणाऱ्याची" ही एक ओळ लाखमोलाची आहे.

माझ्या मते कागदावर एवढं पाहिजेच:
- कानातल्या टॅगचा 12 अंकी नंबर, दात, रंग, खुणा.
- ठरलेली किंमत, दिलेला इसार, बाकीची तारीख.
- बाकी चुकली तर बैल कुणाचा आणि इसाराचं काय.
- पैसे बँकेतून. दोन साक्षीदार, दोन्ही गावांचे.
- पशुवैद्यकीय डॉक्टरची तपासणी. खूर, खांदा, गुडघे, दम.

पूर्ण पैसे झाले की टॅगवरचं मालकाचं नावही बदलून घ्या. 1 जून 2024 पासून टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री तशीही करता येत नाही.

मेव्हण्याचं काय झालं? मालकानं रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच फोन केला. कागद झाला, किंमत दुशाची ठरली, खोंड गोठ्यात आलं. आता दोघं एकमेकांच्या घरी चहाला जातात.

कागदानं नातं तुटत नाही मंडळी. उलट टिकतं. तुमच्याकडं व्यवहार कसा होतो, खाली लिहा.