पेटीतून घरी आलेले मूल

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'चा देशव्यापी प्रारंभ झाला. त्या वेळी पालघर हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत वेळीच शोधाव्यात, अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, आणि उणीव आढळलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील उपचार मिळावेत, अशी ही योजना आहे. मूल वाचले म्हणजे काम संपले असे नाही, हे शासनाने त्या दिवशी मान्य केले. ज्या भूमीवरून हा विचार देशभर गेला, त्याच जिल्ह्यातील एखाद्या गावात, अपुऱ्या दिवसांचे बाळ घेऊन रुग्णालयातून परतलेल्या आईच्या उंबरठ्यापर्यंत तो कितपत पोहोचला, हा प्रश्न विचारण्यास तेरा वर्षे हा काही अल्प काळ नव्हे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील भुईगाव हे असेच एक गाव. समुद्र हाकेच्या अंतरावर, केळीच्या बागा, भाजीपाला आणि फुलांची शेती. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात माल घेऊन जाणाऱ्या बायकांची या पट्ट्यात मोठी परंपरा आहे. अशा घरात बाळंतपण वेळेआधी झाले आणि बाळ हजार-बाराशे ग्रॅमचे निघाले, की सारे घर एकाएकी मुंबईच्या दिशेने धावू लागते. वसई रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे ५२ किलोमीटर अंतरावर आहे. ओली बाळंतीण, दूध काढून ठेवलेली बाटली, हातात फाईल घेतलेला नवरा आणि मागे राहिलेले थोरले मूल यांना हे अंतर दररोज कापायचे असते. पाचवी पुजली जात नाही, बाराव्या दिवशी पाळणा टांगला जात नाही. पेटीतील बाळाच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर त्याचे स्वतःचे नाव नसते. 'अमुक हिचे बाळ' एवढीच त्याची ओळख. ज्या समाजात नामकरण हा संस्कार आहे, तिथे महिना-दोन महिने निनावी असलेल्या लेकराकडे पाहणे म्हणजे काय, हे त्या आईखेरीज दुसऱ्या कोणास कळणार?

'सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही' ही समजूत आजही घरोघरी ऐकू येते. तिचे मूळ जुने आहे. आठव्या महिन्यात ओज स्थिर नसते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे, आणि ज्या काळी श्वास पुरविणारे यंत्र नव्हते, त्या काळचे ते निरीक्षण म्हणून समजून घेता येते. आज मात्र तिला चिकटून राहण्यात अर्थ नाही. आठव्या महिन्यात जन्मलेली बहुसंख्य बाळे योग्य उपचारांनी जगतात. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील नवजात मृत्युदर हजारी ११पर्यंत खाली आला. त्याच २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे वाचणाऱ्यांची संख्या वाढली आणि वाचल्यानंतर जपाव्या लागणाऱ्यांचीही. या दुसऱ्या गोष्टीची दखल वृत्तपत्रे घेत नाहीत. सातशे ग्रॅमचे बाळ घरी गेले की छायाचित्र छापून येते; त्या बाळाच्या दुसऱ्या वर्षाची बातमी कोणी छापत नाही.

आणि खरा कसोटीचा काळ तेव्हाच सुरू होतो. एकच उदाहरण घ्यावे. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ पुरी झालेली नसते. जन्मानंतर मिळालेला प्राणवायू, जंतुसंसर्ग, वजनातील मंद वाढ यांमुळे या वाहिन्या वेड्यावाकड्या फोफावू शकतात आणि दृष्टिपटल ओढले जाऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. आईला काही कळत नाही, साध्या डॉक्टरांनाही कळत नाही. बाहुल्या विस्फारून आतून तपासणी करावी लागते, आणि ती जन्मानंतर तीस दिवसांच्या आत. अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी किंवा बाराशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्यांची त्याहूनही लवकर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. दोष वेळीच आढळला तर लेझरच्या उपचाराने बहुतेकांची दृष्टी वाचते. पण हा तिसावा दिवस पुष्कळदा डिस्चार्जनंतर उजाडतो. बाळ घरी आलेले असते, घर आनंदात असते, 'आता कुठे जरा स्थिरावले आहे, उगाच कशाला गाडीचा प्रवास' असे वडीलधारे सांगतात, आणि तारीख निघून जाते. ज्या बाळाला अतिदक्षता विभागाने दोन महिने झुंजून वाचविले, त्याची दृष्टी एका चुकलेल्या तारखेपायी जाते. ऐकू येण्याच्या चाचणीचेही तेच. बाळ दचकते म्हणजे ऐकू येते, ही घरगुती परीक्षा पुरेशी नाही.

येथे कुटुंबाचा प्रश्न येतो. एकत्र कुटुंब हे आपले बळ आहे, असे व्यासपीठांवरून नेहमी सांगितले जाते. ते बळ अशा वेळी दिसले पाहिजे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस, पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. 'कांगारू मदर केअर' या नावाने ती आज जगभर मान्य आहे. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत आणि आफ्रिकेतील पाच रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, अशी ऊब दिल्यास पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण चतुर्थांशाने घटते, असे त्यात आढळले. या पद्धतीत आईची जागा वडील घेऊ शकतात, आजी घेऊ शकते, आत्या-मावशी घेऊ शकते. बाळ जितके अधिक तास छातीशी, तितके चांगले. आणि एकट्या आईला ते तास पुरे करणे शक्य नसते. ज्या घरात चार प्रौढ माणसे आहेत, त्या घराने पाळ्या लावल्या तर जगातील कोणत्याही यंत्राहून मोठी सोय त्या बाळाला मिळते. वडिलांनी सदरा काढून बाळ छातीशी घेऊन बसावे, यात लाजण्यासारखे काय आहे?

पण घडते ते अनेकदा वेगळेच. त्याच एकत्र कुटुंबातून, त्याच आळीतून, बाळ पाहायला रीघ लागते. प्रत्येकाच्या हातात बाळ, प्रत्येकाच्या तोंडी सल्ला. कोणी मधाचे बोट चाटवायला सांगते, कोणी घुटी, कोणी धुरी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधी सर्दीसुद्धा पुन्हा रुग्णालयात नेऊ शकते, हे पाहुण्यांना कोण सांगणार? सासूने सांगितले तर मान राखला जातो. सुनेने सांगितले तर ती उद्धट ठरते. म्हणून हे काम सासूचेच आहे. तिने दाराशी उभे राहून 'सहा महिन्यांनी या' एवढे म्हणावे. आणि ज्यांना यायचेच आहे, त्यांनी पेढे घेऊन येण्याऐवजी दोन वेळचा डबा पोहोचवावा, थोरल्या मुलाला शाळेतून आणावे.

दोष देण्याची वृत्ती हा याहून कडू विषय आहे. 'गरोदरपणी हिने जपले नाही', 'ग्रहणात बाहेर पडली', 'शेवटपर्यंत बाजाराला जात होती' अशी वाक्ये उघडपणे बोलली जातात. वेळेआधीच्या प्रसूतीची कारणे अनेक असतात, पुष्कळदा कोणतेही एक कारण सापडत नाही. नंतर तुलना सुरू होते. शेजारचे पोर वर्षाचे होऊन चालू लागले, हे अजून बसतही नाही! येथे एक साधा हिशेब घरातील प्रत्येकाला माहीत असावा. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे हे मूळ अपेक्षित तारखेपासून मोजायचे, निदान दोन वर्षांचे होईपर्यंत. लसी मात्र सामान्यतः खऱ्या जन्मतारखेनेच द्यायच्या. हा हिशेब कळला, तर निम्मी अकारण चिंता जाते, आणि हिशेब करूनही बाळ मागे असेल तर 'मोठे झाले की सुधारेल' म्हणत बसण्याऐवजी फिजिओथेरपी वेळेवर सुरू होते.

हे घरी येऊन कोणी सांगावे? उत्तर महाराष्ट्रानेच देशाला दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले; त्या घरोघर जाऊन नवजात बाळाचे वजन, श्वास, ऊब पाहू लागल्या. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातूनच २०११ पासून देशभरातील 'आशा' ताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. २०१८ पासून त्या पंधराव्या महिन्यापर्यंत वाढविण्यात आल्या. पण आदिवासी पाड्यासाठी आखलेली ही भेट शहराच्या कडेला असलेल्या, बंगलीवजा घरांच्या गावात आवश्यक मानली जात नाही. येथील माणसे शिकलेली, मुंबई जवळ, खासगी दवाखाने हाताशी. यांना कशाला 'आशा' हवी, असा एकूण सूर असतो. शिकलेल्या घरातही तिसाव्या दिवसाची तपासणी चुकते, हे त्यावरचे उत्तर आहे.

पुढे शाळा येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. इतक्या चिकाटीचे काम आपल्या देशात विरळा. बाराव्या वर्षी या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य मर्यादेत होती, मात्र पुरेशा वजनाने जन्मलेल्या सोबत्यांपेक्षा कमी. लेखन आणि गणित यांत अडचणी अधिक. याचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. यातील बहुतेक मुले नेहमीच्या शाळेत शिकू शकतात, शिकतात. पण तिसरी-चौथीत अक्षर वाकडे येते, बेरजेत हातचा विसरतो, तेव्हा 'आळशी आहे' म्हणून धपाटा मिळतो आणि जन्मकाळची फाईल माळ्यावर पडून असते. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. परंतु त्यासाठी आधी निदान हवे, आणि निदानासाठी वर्गशिक्षकाच्या मनात शंका यायला हवी.

नोकरी करणाऱ्या आईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. बाळ त्यातले दहा आठवडे पेटीत असले, तर घरी मांडीवर घेण्यासाठी उरतात सोळा. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून अशा पालकांना, वडिलांनाही, बाळाच्या रुग्णालयातील दिवसांच्या हिशेबाने बारा आठवड्यांपर्यंतची वेगळी रजा दिली आहे. आपल्याकडे याची मागणीही कोणी जोराने केलेली नाही. आणि दादरला फुले विकणाऱ्या बाईच्या रजेचा विचार तर कोणत्याच कायद्याने केलेला नाही. तिची रजा म्हणजे त्या दिवसाची बुडालेली कमाई.

रुग्णालयातील खर्चासाठी शासनाची जन आरोग्य योजना आहे. आजारी अर्भकाला वर्षभर रुग्णालयात ने-आण करण्याची मोफत सोय 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमा'त आहे. ती मागून घ्यावी लागते, आणि आहे हे किती घरांना ठाऊक असते? भुईगावहून वसई रोड, तिथून चाळीसेक किलोमीटरवर पालघर, अथवा उलट दिशेने परळ. कडेवर बाळ, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, असे दोन-तीन वर्षे. या पट्ट्यात गणेशोत्सव मंडळे आहेत, महिला मंडळे आहेत, पतपेढ्या आहेत, शववाहिनी आणि रुग्णवाहिका चालविणाऱ्या संस्था आहेत. आठवड्यातील दोन सकाळी एक गाडी, तिच्या चालकाच्या खिशात पत्ते आणि तपासणीच्या तारखा, आणि आईबरोबर बसायला एक जाणती बाई, एवढ्याची तजवीज त्यांपैकी कोणत्याही एका संस्थेला येत्या महिन्यापासून करता येईल.